जोडीदाराची ग्रीन कार्ड केस सुरू असताना घर बदललं, तर पत्ता कुठे कुठे बदलायचा?

नोकरीसाठी न्यू जर्सीहून टेक्सासला गेलात, भाड्याचा करार संपला, किंवा भारतात राहणारी बायको माहेरून सासरी राहायला आली, की अमेरिकेतल्या केसमध्ये पत्ता बदलण्याचं काम निघतं. जोडीदाराच्या केसला पिटिशन (जोडीदारासाठीचा आय-१३० अर्ज) भरल्यापासून व्हिसा हातात पडेपर्यंत वर्षाहून जास्त काळ लागणं नेहमीचंच आहे. त्या काळात दोघांपैकी एकाचं तरी घर बदलतं. काम फार तर अर्ध्या तासाचं असतं, पण ते चुकीच्या ठिकाणी केलं तर केल्यासारखं धरलं जात नाही.

मुख्य अडचण अशी की या केसमध्ये एक सरकारी खातं दुसऱ्याला तुमचा नवा पत्ता कळवत नाही. पिटिशन तपासणारं यूएससीआयएस हे इमिग्रेशन खातं होमलँड सिक्युरिटीखाली येतं. पिटिशन मंजूर झाल्यावर फाइल जिथे जाते ते नॅशनल व्हिसा सेंटर, म्हणजे एनव्हीसी, परराष्ट्र खात्याचं आहे आणि न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला आहे. पुढे मुंबईचं कॉन्सुलेट, मग विमानतळावर प्रवेश देणाऱ्या सीबीपी या खात्याचा अधिकारी, मग पुन्हा यूएससीआयएस आणि सोशल सिक्युरिटी. प्रत्येकाची नोंद वेगळी. म्हणून घर बदललं की पहिला प्रश्न एकच: आज फाइल कोणाकडे आहे? तिथे पत्ता बदलायचा, आणि फाइल पुढे सरकली की पुढच्या ठिकाणी नवा पत्ता पोचला आहे का हे पुन्हा बघायचं.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. हा लेख अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या स्पॉन्सरसाठी, म्हणजे जोडीदारासाठी पिटिशन भरणाऱ्यासाठी आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाला जोडीदारासाठी आय-१३० पिटिशन भरताच येत नाही.

पत्ता म्हणजे नेमका कुठला?

फॉर्मवर पत्त्याचे तीन प्रकार येतात आणि निम्मे घोटाळे त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. पहिला टपालाचा पत्ता. इथे पोस्ट बॉक्स चालतो, मित्राच्या घरचा पत्ताही चालतो. दुसरा प्रत्यक्ष राहण्याचा पत्ता. इथे पोस्ट बॉक्स चालत नाही. रात्री जिथे झोपता तो पत्ता. तिसरा म्हणजे डोमिसाइल, तुमचं कायमचं घर कुठल्या देशात आहे ते. आय-८६४ या आर्थिक हमीपत्रात स्पॉन्सरला हे तिन्ही स्वतंत्रपणे लिहावे लागतात. टपालाचा पत्ता बदलला म्हणून राहण्याचा बदलतो असं नाही, आणि चार महिने भारतात येऊन राहिलात म्हणून डोमिसाइल बदलत नाही.

नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या घरी उतरला असाल तर टपालाच्या पत्त्यात 'केअर ऑफ'साठी वेगळा रकाना असतो, त्यात घरमालकाचं नाव लिहा. अमेरिकेतला पोस्टमन पेटीवर नाव नसलेल्या माणसाचं पत्र परत पाठवू शकतो. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर पेटीच्या आतल्या बाजूला तुमचं आणि पुढे येणाऱ्या जोडीदाराचं, दोघांचीही आडनावं चिकटवून ठेवा. लग्नानंतर बायकोच्या पासपोर्टवर माहेरचंच आडनाव असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. तिचं ग्रीन कार्ड त्याच नावाने येणार आहे. अपार्टमेंटचा नंबर रस्त्याच्या ओळीत कोंबू नका, त्याला वेगळी चौकट असते.

फाइल यूएससीआयएसकडे असताना

आय-१३० भरल्यावर आलेल्या पावतीवर तीन अक्षरं आणि दहा आकड्यांचा एक क्रमांक असतो. ऑनलाइन भरलेल्या केसचा क्रमांक 'आयओई'ने सुरू होतो. हा क्रमांक हाताशी ठेवून यूएससीआयएसच्या संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात जायचं आणि पत्ता बदलण्याचा पर्याय निवडायचा. २०२३ पासून ही सोय अशी झाली आहे की तिथे एकदा नवा पत्ता भरला की एआर-११ या पत्ताबदल कळवण्याच्या फॉर्मची कायदेशीर अट पूर्ण होते आणि ज्या प्रलंबित केसचा क्रमांक दिलात तिच्यावरचा पत्ताही बदलतो. एकापेक्षा जास्त केस चालू असतील, समजा तुमचा स्वतःचा नागरिकत्वाचा अर्जही प्रलंबित असेल, तर प्रत्येकीचा क्रमांक आठवणीने द्या.

एआर-११ कागदावर भरून टपालाने पाठवता येतो. त्याने कायद्याची अट पूर्ण होते, पण त्यामुळे प्रलंबित केसवरचा पत्ता आपोआप बदलेल असं धरून चालू नका. ऑनलाइनच करा. दोन्हीकडे फी शून्य आहे. पत्ता बदलून देतो म्हणून पैसे मागणारी खासगी संकेतस्थळं शोधयंत्रात सर्वात वर दिसतात. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह' नसेल तर बाहेर पडा.

इथे नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यात फरक आहे. ग्रीन कार्डधारक स्पॉन्सरने घर बदलल्यापासून १० दिवसांच्या आत कळवलंच पाहिजे, केस चालू असो वा नसो. न कळवणं हा गुन्हा आहे आणि त्याला दंड व ३० दिवसांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अमेरिकेच्या नागरिकाला एआर-११ लागू नाही, पण त्याने पिटिशनवरचा पत्ता बदलला नाही तर नुकसान त्याचंच होतं. 'मी नागरिक आहे, मला हे लागत नाही' असं ऐकीव माहितीवर समजून बरेच जण पत्ता बदलत नाहीत, आणि मग यूएससीआयएसचं पत्र जुन्या घरी जाऊन पडतं.

ते पत्र जास्त करून वाढीव पुरावे मागणारी नोटीस असते. आय-१३० साठी तिला उत्तर द्यायला जास्तीत जास्त ८४ दिवस आणि टपालाचे वरचे ३ दिवस मिळतात. मुदत नोटिशीवरच्या तारखेपासून मोजली जाते, तुमच्या हातात ती कधी पडली यावरून नाही. मुदतवाढ मिळत नाही. उत्तर गेलं नाही तर पिटिशन सोडून दिल्याचं धरून ती नाकारली जाते, फी परत मिळत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एप्रिल २०२४ पासून आय-१३० ची फी ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदावर ६७५ डॉलर आहे. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराचं नुकसान त्याहून मोठं, कारण एफ-२ए या, ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांसाठीच्या व्हिसाच्या रांगेतली जुनी तारीखही जाते.

अशा नकारावर अपील करता येत नाही. पण नियमांत एक दार उघडं ठेवलेलं आहे. नोटीस निघण्याआधी तुम्ही नवा पत्ता लेखी कळवला होता आणि तरीही ती जुन्या पत्त्यावर गेली, हे दाखवता आलं तर आय-२९०बी फॉर्मवर केस पुन्हा उघडण्याची मागणी करता येते. मुदत निर्णयापासून ३० दिवस, निर्णय टपालाने आला असेल तर ३३. म्हणजे सगळं येऊन थांबतं पत्ता बदलल्याच्या पुराव्यावर. पत्ता बदलला की जे पुष्टीचं पान किंवा ईमेल येतं, त्याची पीडीएफ तारखेसकट जतन करा. खात्यात जाऊन नवा पत्ता केसवर दिसतो का ते दोन-चार दिवसांनी बघा आणि त्या पानाचाही स्क्रीनशॉट ठेवा.

टपाल खात्याकडे स्वतंत्रपणे पत्ताबदल नोंदवाच, म्हणजे बँकेची, विम्याची पत्रं वर्षभर नव्या घरी येत राहतील. पण यूएससीआयएसची पत्रं त्या सोयीने पुढे येतील यावर विसंबू नका. काही पाकिटांवर 'पत्ता बदलला असल्यास परत पाठवा' अशी सूचना छापलेली असते. ग्रीन कार्डचं पाकीट असंच परत जातं.

वकील नेमला असेल तर त्यालाही सांगा. वकिलाला नोटिशीची प्रत जाते, हे खरं. पण तुमचा पत्ता त्याने बदलला असेल हे गृहीत धरू नका. हे काम तुमच्याकडे की त्याच्याकडे, ते ईमेलवर ठरवून घ्या.

पिटिशन मंजूर झाली, फाइल एनव्हीसीकडे गेली

इथे टपालाचा पत्ता मागे पडतो आणि ईमेलचा पत्ता पुढे येतो. एनव्हीसीचं स्वागतपत्र, फीची सूचना, कागदपत्रं पुरी झाल्याची सूचना, इंटरव्ह्यूची तारीख, सगळं ईमेलवर येतं. नोकरी बदलली आणि पिटिशनमध्ये कंपनीचा ईमेल दिला होता, तर घर बदलण्यापेक्षा ही अडचण मोठी. सुरुवातीलाच दोघांनीही खासगी ईमेल द्यावा.

मुंबईच्या केसचा क्रमांक 'बीएमबी' या तीन अक्षरांनी सुरू होतो. तो आणि इनव्हॉइस क्रमांक वापरून सीईएसी या परराष्ट्र खात्याच्या व्हिसा-केसच्या संकेतस्थळावर जाता येतं. पिटिशन मंजूर झाल्यावर यूएससीआयएसच्या खात्यात केलेला पत्ताबदल एनव्हीसीपर्यंत पोचत नाही. घराचा किंवा ईमेलचा पत्ता बदलला तर एनव्हीसीच्या चौकशी फॉर्मवरून कळवा: केस क्रमांक, पिटिशन भरणाऱ्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख, जोडीदाराचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख, जुना पत्ता, नवा पत्ता, कधीपासून. दोनच ओळी लिहा. लांबलचक हकिगतीत पत्ताच हरवून जातो.

एनव्हीसीच्या सूचनेनंतर वर्षभर कुणीच काही हालचाल केली नाही, तर केसची नोंदणी रद्द करण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. जुन्या ईमेलवर सूचना येत राहिल्या आणि कुणी बघितल्याच नाहीत, असं यात घडतं. म्हणून काही विचारायचं नसलं तरी काही महिन्यांनी एकदा सीईएसीत जाऊन यावं.

या टप्प्यावर जोडीदाराला डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. त्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासून कुठे कुठे राहिलात ते सगळे पत्ते मागतात. पिटिशनसोबतच्या आय-१३०ए मध्ये मागच्या पाच वर्षांचेच मागितलेले असतात, त्यामुळे तेव्हा सोपं वाटलेलं काम इथे अवघड होतं. इंजिनिअरिंगच्या कॉलेजचं हॉस्टेल, कोथरूडमधली रूम, बंगळूरमधलं पेइंग गेस्ट, लग्नानंतरचं घर, अशी यादी होते. महिना आणि वर्ष लिहून, मध्ये मोकळी जागा न ठेवता, ती आधी एका कागदावर तयार करा. आय-१३०ए ची प्रत समोर ठेवा आणि पाच वर्षांचा भाग त्याच्याशी जुळवा. पूर्वी पर्यटक व्हिसासाठी अर्ज केला असेल तर त्यातला पत्ताही आठवा. अधिकाऱ्यासमोर जुने अर्ज असू शकतात. तारखांत एखाद्या महिन्याचा फरक पडला तर कुणी अडवत नाही, पण ज्या वर्षी तुम्ही पुण्यात होतात असं लिहिलंय त्याच वर्षी दुसऱ्या अर्जात हैदराबाद असेल, तर प्रश्न येणारच.

डीएस-२६० सादर केल्यावर तो कुलूपबंद होतो. त्यानंतर घर बदललं तर एनव्हीसीला अर्ज पुन्हा उघडून द्यायला सांगता येतं; इंटरव्ह्यू जवळ आला असेल तर नवा पत्ता लिहून न्या आणि खिडकीवर सुरुवातीलाच अधिकाऱ्याला सांगा. याच अर्जात ग्रीन कार्ड अमेरिकेत कुठे पाठवायचं तो पत्ता असतो. स्पॉन्सरने मधल्या काळात घर बदललं असेल तर हा पत्ता हमखास जुना राहतो, कारण तो जोडीदाराच्या अर्जात असतो आणि स्पॉन्सरच्या लक्षातच येत नाही.

आर्थिक हमी आणि घर बदलणं

फक्त पत्ता बदलला, नोकरी आणि उत्पन्न तेच आहे, तर आय-८६४ चं मूळ गणित बदलत नाही. तरी नव्या पत्त्याचा आणि नव्या तारखेचा सही केलेला आय-८६४ इंटरव्ह्यूला सोबत द्यावा. तो शपथेवर दिलेला कागद आहे, त्यावर जुनं घर ठेवून का जायचं?

दोन प्रसंगी मात्र गणितच बदलतं. पहिला: उत्पन्न कमी पडतं म्हणून भावाची मिळकत धरली आहे आणि त्याने आय-८६४ए या, घरातल्या माणसाने उत्पन्नाची हमी देण्याच्या फॉर्मवर सही केली आहे. ही सही चालते ती स्पॉन्सर आणि भाऊ एकाच घरात राहतात म्हणून. तुम्ही वेगळं घर घेतलंत की तो आधार गेला. मग भावाने स्वतंत्र आय-८६४ भरून संयुक्त स्पॉन्सर व्हायचं. संयुक्त स्पॉन्सरला तुमच्या घरी राहण्याची अट नाही, पण त्याच्या स्वतःच्या कुटुंबासकट मोजलेली उत्पन्नाची पूर्ण अट त्याला एकट्याला पुरी करावी लागते. संसार थाटायचा म्हणून इंटरव्ह्यूच्या तोंडावर भावाच्या घरातून बाहेर पडणारे पुष्कळ असतात, तेव्हा घर आधी घ्यायचं की नंतर हे या हिशेबाने ठरवा.

दुसरा: अलास्का किंवा हवाईला स्थलांतर. गरिबी रेषेच्या १२५ टक्के उत्पन्न ही सर्वसाधारण अट आहे आणि या दोन राज्यांसाठी ती रेषाच वर असते. आधीच्या राज्यात काठावर बसणारं उत्पन्न तिथे कमी पडू शकतं.

आयआरएसकडचा, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडचा, पत्ता फॉर्म ८८२२ ने बदलतो. करविवरणाचा उतारा टपालाने मागवला तर तो त्यांच्याकडे नोंदलेल्या पत्त्यावरच जातो, म्हणून शक्य तेव्हा ऑनलाइन उतरवून घ्या.

जोडीदाराचं भारतातलं घर बदललं तर

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो, कारण आपल्याकडे पासपोर्टवर एक पत्ता, आधारवर दुसरा आणि राहणं तिसरीकडेच. लग्न झाल्यावर बायको काही दिवस सासरी राहते, नवरा अमेरिकेला परत गेला की माहेरी जाते, नोकरी पुण्यात असेल तर तिथे खोली घेते. फॉर्मवर मात्र 'लग्न झालंय, म्हणून सासरचा पत्ता' असं लिहिलं जातं. अमेरिकेच्या फॉर्मला सासर-माहेरशी घेणं नाही. प्रत्यक्ष राहणं जिथे, तो सध्याचा पत्ता. आय-१३० मध्ये तुम्ही दोघं शेवटचे एकत्र कुठे राहिलात तेही विचारतात. तिथे सासरचा पत्ता बरोबर ठरू शकतो, आणि एकत्र राहिलाच नसाल तर तसं स्पष्ट लिहायचं असतं.

याची खरी परीक्षा होते पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढताना. पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, फी ५०० रुपये. सध्याचा पत्ता पासपोर्टपेक्षा वेगळा असेल तर त्याचा पुरावा जोडा: नोंदणीकृत भाडेकरार, बँकेचं पासबुक, पत्ता अद्ययावत केलेलं आधार. पोलीस ठाण्याचा माणूस त्या पत्त्यावर चौकशीला येतो किंवा तुम्हाला ठाण्यात बोलावतो. पत्ता सासरचा टाकला आणि मुलगी माहेरी असेल, तर 'पत्त्यावर आढळली नाही' असा शेरा पडतो आणि पीसीसी लटकतं. जिथे राहता तिथलाच पत्ता टाका, आणि अर्ज केल्यावर चौकशी होईपर्यंत तिथेच राहा.

मधल्या काळात नवा पासपोर्ट काढला तर पत्त्यापेक्षा पासपोर्ट क्रमांक बदलणं महत्त्वाचं ठरतं. डीएस-२६० मध्ये जुना क्रमांक गेला असेल तर तो दुरुस्त करून घ्या, नव्या पासपोर्टची प्रत सीईएसीवर चढवा आणि इंटरव्ह्यूला जुना-नवा दोन्ही न्या.

महाराष्ट्रातल्या तीन जिल्ह्यांतल्या लोकांना आणखी एक पेच आहे. जन्मदाखल्यावर औरंगाबाद, नव्या पीसीसीवर छत्रपती संभाजीनगर. तसंच उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर. पहिल्या दोन ठिकाणांची नावं २०२३ मध्ये आणि तिसऱ्याचं २०२४ मध्ये बदललं. जन्मस्थान पासपोर्टवर जसं छापलं आहे तसंच ठेवा. राहण्याचा पत्ता आज कागदोपत्री जसा आहे तसा लिहा. दोन्ही नावं एकाच गावाची आहेत, हे सांगणारं एका परिच्छेदाचं टिपण आणि नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत सोबत असली की प्रश्न तिथेच मिटतो. एका फॉर्मवर जुनं आणि दुसऱ्यावर नवं असं न सांगता लिहिलं, तर तपासणाऱ्याला ती दोन वेगळी गावं वाटतात.

गावाकडचा पत्ता लिहिताना 'मु. पो., ता., जि.' ही आपली रीत फॉर्मच्या चौकटीत बसत नाही. घराचा नंबर किंवा गल्ली आणि मुक्काम-पोस्ट पहिल्या ओळीत, तालुका शहराच्या रकान्यात, महाराष्ट्र प्रांताच्या रकान्यात आणि सहा आकडी पिन पोस्टल कोडच्या रकान्यात. जिल्हा तालुक्याबरोबर जोडा. एकदा ठरवलेली ही मांडणी आणि स्पेलिंग सगळ्या फॉर्मवर अगदी तशीच ठेवा. आय-१३० मध्ये जोडीदाराचं नाव आणि परदेशातला पत्ता त्याच्या मातृभाषेच्या लिपीत लिहायलाही जागा आहे. तिथे देवनागरीत, पाकिटावर लिहिल्यासारखा, मु. पो.सकट पूर्ण पत्ता लिहा.

जोडीदार नोकरीसाठी दुबईला वगैरे गेला तर नुसता पत्ता बदलून भागत नाही, इंटरव्ह्यूचं ठिकाण ठरवावं लागतं. नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम असा की इंटरव्ह्यू राहण्याच्या देशात किंवा नागरिकत्वाच्या देशात होतो. म्हणजे भारतीय पासपोर्टवर मुंबई कायम ठेवता येते, किंवा तिथल्या वास्तव्याचा पुरावा देऊन एनव्हीसीकडे बदल मागता येतो. मुंबईच ठेवली तरी सध्या राहत असलेल्या परदेशात ६ महिन्यांहून जास्त, किंवा पूर्वी राहिलेल्या परदेशात १२ महिने किंवा जास्त राहणं झालं असेल तर तिथलं पोलीस सर्टिफिकेट लागतं. कागदपत्रं गोळा करायच्या आधीच याचा विचार करा, कारण तो देश सोडल्यावर तिथलं सर्टिफिकेट काढणं जास्त किचकट होतं.

स्पॉन्सर स्वतः भारतात राहत असेल तर

अमेरिकेचा नागरिक नवरा पुण्यात तीन वर्षं राहतोय, आता दोघांना मिळून जायचं आहे, हे चित्र आता सर्रास दिसतं. पिटिशन भारताच्या पत्त्यावरून ऑनलाइन भरता येते. अडचण आय-८६४ ला येते, कारण स्पॉन्सरचं डोमिसाइल अमेरिकेत असावं लागतं. सासऱ्यांच्या किंवा चुलत भावाच्या घरचा पत्ता लिहून ही अट पुरी होत नाही. जोडीदाराबरोबर किंवा त्याच्या आधी अमेरिकेत परतून तिथे स्थिरावण्याची पावलं खरोखर उचलली आहेत, हे कागदांनी दाखवावं लागतं: सही केलेला भाडेकरार, नोकरीचं पत्र, चालू बँक खातं, राज्याचं लायसन्स, मुलांचा शाळाप्रवेश, परदेशातून केलेलं मतदान, दरवर्षी भरलेला अमेरिकन कर. एकाच कागदावर भिस्त ठेवू नका. नोकरी आणि घर हे दोन सर्वात वजनदार.

अमेरिकन सरकारच्या किंवा अमेरिकन कंपनीच्या कामासाठी तात्पुरता बाहेर पाठवलेला कर्मचारी काही अटींवर अमेरिकेतच डोमिसाइल असलेला धरला जातो. कंपनीचं नेमणूकपत्र, परतीच्या तारखेसह, जोडा.

ग्रीन कार्डधारकाने मात्र हा रस्ता धरण्याआधी वकिलाला विचारावं. भारतात लांब मुक्काम केला तर त्याचं स्वतःचंच ग्रीन कार्ड धोक्यात येतं, आणि ते गेलं की पिटिशनही गेली. वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर अमेरिकेत असतानाच आय-१३१ भरून री-एंट्री परमिटची, म्हणजे परतीच्या परवान्याची, तजवीज करावी लागते.

व्हिसा मिळाल्यावर

पासपोर्ट परत मिळण्याचं ठिकाण व्हिसा अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये असतं. इंटरव्ह्यूआधी ते तपासून घ्या. त्यानंतर २३५ डॉलरची यूएससीआयएस इमिग्रंट फी उड्डाणाआधी भरणं उत्तम. ती भरायला व्हिसावरचा 'ए' ने सुरू होणारा क्रमांक आणि बीएमबी केस क्रमांक लागतो. फी भरताना कार्डाचा पत्ता बदलत नाही, हे लक्षात असू द्या.

तो बदलण्याची पहिली चांगली जागा म्हणजे विमानतळ. पहिल्या प्रवेशावेळी सीबीपीच्या अधिकाऱ्याला सांगायचं: ग्रीन कार्ड या पत्त्यावर हवं. नवा पत्ता झिप कोडसकट कागदावर छापून जोडीदाराच्या पासपोर्टमध्ये ठेवा. पंधरा-वीस तासांच्या प्रवासानंतर अपार्टमेंटचा नंबर आठवत नाही. घरी पोचल्यावर जोडीदाराने स्वतःचं यूएससीआयएस खाते उघडून पत्ता बरोबर लागला का ते बघावं. इथून पुढे १० दिवसांचा नियम त्यालाही लागू होतो, आणि तो त्याने स्वतः पाळायचा आहे. नवऱ्याने आपला पत्ता बदलला म्हणून बायकोचा बदलत नाही.

डीएस-२६० मध्ये सोशल सिक्युरिटी कार्ड मागितलं असेल तर ते अमेरिकेत आल्यावर साधारण तीन आठवड्यांत टपालाने येतं. यूएससीआयएसकडे पत्ता बदलून याचा पत्ता बदलत नाही. घर बदललं असेल तर सोशल सिक्युरिटीला थेट फोन करा. टपाल खात्याच्या 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' सेवेत नोंदणी केली की येणाऱ्या पाकिटांचे फोटो सकाळी ईमेलवर दिसतात. ग्रीन कार्डाची वाट बघताना ही सेवा फार उपयोगी पडते. कार्ड येईपर्यंत पासपोर्टमधला शिक्का मारलेला इमिग्रंट व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डासारखाच चालतो, तेव्हा नोकरी किंवा प्रवास त्यासाठी थांबवू नका.

प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचंच मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ही दोन वर्षांची अट काढण्यासाठीचा आय-७५१ अर्ज भरायचा असतो. त्या वेळी पुराव्यात दोघांचा पत्ता एकच दिसावा लागतो: लायसन्स, बँक, विमा, भाडेकरार. घर बदलल्यावर एकाने लायसन्सचा पत्ता बदलला आणि दुसऱ्याचं जुन्या घरावरच राहिलं, तर कागदावर तुम्ही वेगळे राहता असं दिसतं. दोघांचं एकाच दिवशी उरका.

राहिला आय-८६५, म्हणजे स्पॉन्सरने आपला पत्ताबदल कळवण्याचा फॉर्म. जोडीदार ग्रीन कार्डधारक झाला की स्पॉन्सरची हमी लागू होते, आणि त्यानंतर स्पॉन्सरने घर बदललं की ३० दिवसांच्या आत हा फॉर्म पाठवायचा असतो. इथे नागरिकाला सूट नाही. फी नाही, पण न कळवल्यास २५० ते २,००० डॉलर दंड होऊ शकतो. जोडीदाराने उत्पन्नावर आधारित सरकारी मदत घेतली आहे हे माहीत असूनही कळवलं नाही, तर २,००० ते ५,०००. ग्रीन कार्डधारक स्पॉन्सरला एआर-११ आणि आय-८६५ दोन्ही करावे लागतात. ही जबाबदारी जोडीदार नागरिक होईपर्यंत, त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत, तो ग्रीन कार्ड सोडून कायमचा परत जाईपर्यंत किंवा त्याचा मृत्यू होईपर्यंत राहते. घटस्फोटाने ती संपत नाही. आणि उत्पन्न कमी पडलं म्हणून ज्या काकांनी किंवा मित्राने संयुक्त स्पॉन्सर म्हणून सही केली होती, त्यांनाही घर बदलताना हाच फॉर्म हीच मुदत लागू असते. त्यांना हे सहसा कुणी सांगितलेलं नसतं. सही घेतानाच सांगा आणि भरलेल्या आय-८६४ ची एक प्रत त्यांच्याकडे देऊन ठेवा.